कढीलिंबावरचे बहुरूपी

वर टेमघर आणि खाली खडकवासला ह्या दोन धरणांच्या मधले मुठा खोरे पावसाळा सरता सरता पाहावे. खाचरांतले भात पोटरीत आलेले असते, बांधांवर तेरडा फुललेला असतो, आणि उन्हाची तिरीप पडली की घराघरांच्या परसातल्या कढीलिंबाभोवती काळी, शेपटीवाली फुलपाखरे घिरट्या घालू लागतात. जरा निरखून पाहिले तर ती तीन प्रकारची दिसतात. एकाच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक सरळ ओळ असते. दुसऱ्याच्या मागच्या पंखांवर मधोमध पांढरा पट्टा आणि कडेला लाल चंद्रकोरी असतात. तिसऱ्याच्या पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे, तर मागच्या पंखांवर किरमिजी ठिपक्यांच्या रांगा असतात. कोणालाही विचारा, ह्या तीन निराळ्या जाती आहेत असेच उत्तर मिळेल. प्रत्यक्षात त्या तिघी सख्ख्या बहिणी असू शकतात. एकाच मादीने एकाच झाडावर घातलेल्या अंड्यांतून तिन्ही रूपे बाहेर पडू शकतात.

ह्या फुलपाखराचे इंग्रजी नाव कॉमन मॉर्मन आणि शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटीस. एका नराच्या अनेक तऱ्हेच्या माद्या पाहून कोणा इंग्रज साहेबाला अमेरिकेतल्या बहुपत्नीक मॉर्मन पंथाची आठवण झाली आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. साहेबाची थट्टा जरा बोचरी असली तरी नाव मात्र टिकले. आपल्याकडे त्यापेक्षा चांगला शब्द आहे: बहुरूपी. दारी आलेला पोलीस खरा की बहुरूपी, हे जसे घटकाभर कळत नाही, तसेच ह्या माद्यांचे आहे. त्यांचे रंग कोठून येतात आणि जवळच्या नात्यातल्या जातींत ते निरनिराळे का असतात, ह्या प्रश्नामागे माणसे दीडशे वर्षांहून अधिक काळ लागली आहेत. तो इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी जाणून घ्यावा असा आहे. त्यात एक मठवासी आहे, एक पुण्यात घडलेला मराठी संशोधक आहे, आणि पोटातली बाळे गमावणाऱ्या असंख्य माताही आहेत.

आरंभ गोंधळातच झाला. 1758 साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना नावे देणारा आपला प्रसिद्ध ग्रंथ काढला, तेव्हा ह्या जातीच्या नराला त्याने पॅमन हे नाव दिले आणि लाल चंद्रकोरींच्या मादीला पॉलिटीस. नवरा एका जातीचा आणि बायको दुसऱ्या जातीची! पुढे किरमिजी ठिपक्यांच्या मादीला रोम्युलस हे तिसरे नाव मिळाले. संग्रहालयांतल्या पेट्यांमध्ये टाचण्यांना टोचलेली ही फुलपाखरे शंभर वर्षे अशी वेगवेगळ्या खणांत पडून राहिली. मेलेल्या फुलपाखराला त्याची आई कोण हे विचारता येत नाही, आणि रंगावरून जात ठरवण्याची सवय विद्वानांनाही असतेच.

हा गुंता सोडवला आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्याने. मलाया द्वीपसमूहात आठ वर्षे हिंडून परतलेल्या ह्या निसर्गनिरीक्षकाचा शेपटीवाल्या फुलपाखरांवरचा दीर्घ निबंध 1865 साली छापला गेला. ज्यांना आपण निरनिराळ्या जाती समजतो, त्या एकाच नराच्या जातीच्या माद्या आहेत, असे त्याने त्यात दाखवून दिले. शिवाय त्या कोणाचे सोंग घेतात हेही त्याने ओळखले. आपल्याच रानात दोन फुलपाखरे आहेत, कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ. त्यांच्या अळ्या सापसंदाच्या विषारी वेलीवर वाढतात आणि ते विष त्यांच्या अंगात मुरते. पक्ष्याने एकदा त्यांची चव घेतली की तो पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. कढीलिंब, लिंबू आणि बेल ह्यांच्या पाल्यावर पोसलेली मॉर्मनची मादी मात्र खाण्याजोगी असते. ती कॉमन रोझचा किंवा क्रिमझन रोझचा वेष घेते आणि जीव वाचवते. निरुपद्रवी प्राण्याने विषारी प्राण्याचे सोंग घेण्याचा हा प्रकार हेन्री बेट्स ह्याने अमेझॉनच्या जंगलांतल्या फुलपाखरांवरून 1862 साली प्रथम नीट मांडला होता. वॉलेसने त्याला आशियातले उदाहरण जोडले.

सोंग कितीही हुबेहूब असले तरी एक खूण राहतेच. क्रिमझन रोझ आणि कॉमन रोझ ह्यांचे अंग लाल असते, तर मॉर्मनच्या मादीचे अंग काळे. बांधावर बसलेले फुलपाखरू खरे की नकली, हे आपली मुले एवढ्यावरून ओळखू शकतील. आणखी एक गंमत अशी की ही मादी एरवी विषारी फुलपाखरासारखी संथ, बेफिकीर उडते. घाबरली की मात्र सोंग विसरून आपल्या मूळच्या जलद, वेड्यावाकड्या गतीने पळते.

वॉलेसने कोडे ओळखले, पण ते सोडवण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. एका आईच्या पोटी तीन तऱ्हांच्या मुली कशा होतात? दोन तऱ्हांची सरमिसळ होऊन मधलेच काहीतरी रूप का निपजत नाही? योगायोग असा की ज्या वर्षी वॉलेसचा निबंध छापला गेला, त्याच 1865 साली फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत ब्रून शहरातल्या निसर्गविज्ञान मंडळापुढे ऑगस्टिनियन संघाचा एक धर्मगुरू वाटाण्याच्या रोपांवरचे आपले प्रयोग वाचून दाखवत होता. ग्रेगोर मेंडेल. मठाच्या बागेत 1856 पासून 1863 पर्यंत त्याने हजारो रोपांचा संकर करून हिशेब ठेवला होता. पिवळा दाणा आणि हिरवा दाणा ह्यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सारे दाणे पिवळे निघतात. हिरवेपणा नाहीसा झालेला नसतो, झाकलेला असतो, आणि पुढच्या पिढीत तो चारांत एक ह्या प्रमाणात पुन्हा वर येतो. आई आणि बाप दोघांकडून एकेक घटक येतो, ते घटक एकमेकांत विरघळत नाहीत, आणि एक घटक दुसऱ्याला झाकू शकतो. 1866 साली हे छापून आले. 1868 साली मेंडेल मठाधिपती झाला, मठावरच्या करांच्या वादात त्याची उरलेली वर्षे गेली, आणि 1884 साली तो मरण पावला तेव्हा त्याच्या वाटाण्यांची आठवण फारशी कोणाला नव्हती. 1900 साली ते निबंध पुन्हा उजेडात आले. आमच्या सेमिनरीत मेंडेलचे नाव अभिमानाने घेतले जाई. पण हा अभिमान बहुधा त्याच्या झग्यापुरता असतो; त्याची खरी थोरवी मोजणीच्या चिकाटीत होती, असे मला वाटते.

मेंडेलचे नियम हाती आल्यावर फुलपाखराचे कोडे सुटू लागले. जे. सी. एफ. फ्रायर ह्याने सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ह्या फुलपाखरांच्या वंशावळी लावून पिढ्यान्‌पिढ्या पैदास केली आणि 1913 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सोंगाचा गुण वाटाण्याच्या पिवळेपणासारखा प्रभावी असतो. साधे रूप झाकले जाते. हा गुण बापाकडूनही मुलीला मिळतो. नर स्वतः कधी सोंग घेत नाही, त्याचे पंख नेहमी साधेच. पण सोंगाचा घटक तो आपल्या अंगात गुप्तपणे वाहतो आणि लेकीच्या हाती देतो. म्हणून साध्या आईच्या पोटीही बहुरूपी मुली निपजतात.

ह्यावरून इंग्लंडात वाद माजला. केंब्रिजच्या आर. सी. पनेटने (बारावीच्या जीवशास्त्रात 'पनेटचा चौकोन' मुले शिकतात, तोच हा) 1915 साली फुलपाखरांच्या सोंगांवर पुस्तक लिहिले. एका घटकाने एवढा फरक पडतो, अर्थात हे सोंग एका उडीतच तयार झाले असले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. रोनाल्ड फिशर ह्या गणितज्ञाने 1927 साली त्याला उत्तर दिले. एक कळ दाबली की सारे दिवे लागतात, म्हणून एकाच दिवशी साऱ्या घरात तारा ओढल्या असे म्हणता येत नाही. सोंगाची कळ एक असेल, पण त्यातले बारकावे हळूहळू, अनेक पिढ्यांच्या निवडीतून घडले असतील. दोघांपाशी युक्तिवाद होते, पुरावा कोणापाशीच पुरेसा नव्हता.

इथे ह्या इतिहासाला वेगळे वळण लागते, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे.

लिव्हरपूलमध्ये सिरिल क्लार्क नावाचे एक डॉक्टर होते. दिवसा रुग्णालय आणि फावल्या वेळात फुलपाखरे, असा त्यांचा क्रम. नर आणि मादी हातात धरून त्यांचे मीलन घडवून आणण्याची युक्ती त्यांनी साधली होती, त्यामुळे हवा तो संकर करता येई. फिलिप शेपर्ड हे आनुवंशशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि दोघांनी मिळून शेपटीवाल्या फुलपाखरांच्या अनेक जातींवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्या कॉमन मॉर्मनवरचा त्यांचा निबंध 1972 सालचा. त्यांना असे दिसले की पंखांच्या नक्षीतले निरनिराळे गुण एकाच गाठोड्यात बांधल्यासारखे एकत्र पुढच्या पिढीत जातात. त्यांनी अनुमान काढले की एकमेकांना अगदी खेटून असलेल्या अनेक जनुकांचा हा गट असावा. जनुक म्हणजे मेंडेलच्या घटकाचेच आजचे नाव. अशा गटाला महाजनुक म्हणावे.

माणसाच्या रक्तातला आर-एच घटकही असाच, खेटून असलेल्या घटकांच्या गटाने ठरतो, असे फिशरने 1940 नंतरच्या दशकात सुचवले होते. क्लार्क हे डॉक्टर. फुलपाखराच्या गाठोड्यावरून त्यांचे लक्ष रक्ताच्या ह्या गाठोड्याकडे वळले. आईचे रक्त आर-एच निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणाच्या वेळी बाळाचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते. आईचे शरीर त्याला परके समजून त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पहिले मूल बहुधा सुखरूप जन्मते. पुढच्या खेपेस मात्र ती प्रतिद्रव्ये पोटातल्या बाळाच्या रक्तपेशी फोडू लागतात. बाळ पोटातच दगावते किंवा जन्मल्यावर तीव्र काविळीने जाते.

भारतात आर-एच निगेटिव्ह माणसांचे प्रमाण सुमारे 5 टक्के आहे. युरोपच्या मानाने हे कमी असले, तरी आपल्या लोकसंख्येत ही संख्या लहान नव्हे. पहिले लेकरू धडधाकट आणि पुढची दोन-तीन जन्मताच गेलेली, अशी घरे जुन्या पिढीतल्या वाचकांनी पाहिली असतील. त्या आईला काय काय ऐकावे लागे, हेही त्यांना ठाऊक असेल. दृष्ट, करणी, पूर्वजांचे पाप, कोणाचा तरी तळतळाट. आणि सरतेशेवटी तिची कूसच वाईट. आपल्या ख्रिस्ती घरांतही हे बोल काही कमी ऐकू येत नसत. कारण होते रक्तातल्या एका घटकात, आणि तो घटक बापाकडून बाळाला मिळालेला असे.

क्लार्क, रोनाल्ड फिन आणि लिव्हरपूलमधले त्यांचे सहकारी ह्यांनी 1960 नंतरच्या काही वर्षांत एक उपाय शोधला. बाळाच्या रक्तपेशींविरुद्धची तयार प्रतिद्रव्ये बाळंतपणानंतर लगेच आईला टोचायची. तिच्या रक्तात शिरलेल्या बाळाच्या पेशी ती प्रतिद्रव्ये नाहीशी करतात आणि तिच्या शरीराला त्या पेशींची ओळख पटण्यापूर्वीच काम उरकते. ज्या गोष्टीने बाळाला धोका, तीच आईला द्यायची, हे वरकरणी उफराटे वाटते. क्लार्क ह्यांच्या पत्नीने एका रात्री झोपेतून जागे करून ही कल्पना त्यांना सुचवली, अशी हकीकत सांगितली जाते. न्यूयॉर्कमध्ये फ्रेडा, गोर्मन आणि पोलॅक हे स्वतंत्रपणे त्याच उपायापर्यंत पोहोचले. 1968 साली अमेरिकेत ह्या औषधाला परवानगी मिळाली आणि 1980 साली ह्या संशोधकांना लास्कर पुरस्कार देण्यात आला. आज बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत निगेटिव्ह मातेला 'अँटी-डी'चे इंजेक्शन देतात ते हेच. गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारासही ते दिले जाते. लग्न ठरलेल्या आपल्या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी रक्तगट तपासून घ्यावा, हे ह्या निमित्ताने सांगून ठेवतो. लहान गावांत हे अजूनही राहून जाते, आणि गर्भपातानंतरही ह्या इंजेक्शनची गरज पडू शकते हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते.

फुलपाखरांचे जनुक मात्र अद्याप सापडले नव्हते. ते सापडले 2014 साली, आणि शोधणाऱ्यांत अग्रभागी होते कृष्णमेघ कुंटे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले हे संशोधक. पण त्यांची पहिली पाटी ह्याच सह्याद्रीवर गिरवलेली आहे. 1997 साली, पुण्यात असताना, उत्तर सह्याद्रीतल्या चार अधिवासांत फुलपाखरे ऋतुमानाप्रमाणे कशी कमीजास्त होतात ह्यावर त्यांनी निबंध लिहिला होता. पुढे शिकागोचे मार्कस क्रोनफोर्स्ट आणि इतर सहकाऱ्यांसह त्यांनी कॉमन मॉर्मनच्या बहुरूपी व साध्या माद्यांचे आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिले. फरकाची जागा आकुंचित करत करत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जनुकांपर्यंत आले, आणि त्यांतून एकच जनुक पुढे आले. त्याचे नाव डबलसेक्स.

हे नाव शास्त्रज्ञांना नवे नव्हते. फळमाशीत नर आणि मादी ह्यांची शरीरे वेगळी घडवणारे जनुक म्हणून ते आधीच परिचित होते. रंगाशी त्याचा काही संबंध असेल, ही अपेक्षा कोणाची नव्हती. पण विचार केला तर ते पटते. सोंग फक्त मादीने घ्यायचे आहे, तेव्हा 'ही मादी आहे' हे ठाऊक असणाऱ्या जनुकाकडेच ते काम सोपवलेले बरे. नरातही तोच बदललेला घटक असतो, पण नराच्या पंखात तो सोंगाचे काम करत नाही. फ्रायरने वंशावळींत पाहिलेल्या गोष्टीचे स्पष्टीकरण शंभर वर्षांनी असे मिळाले. 2015 साली जपानी शास्त्रज्ञांनी आणखी पुढची पायरी गाठली. कोशातल्या बहुरूपी मादीच्या एका बाजूच्या पंखात त्यांनी ह्या जनुकाचे काम बंद पाडले. फुलपाखरू बाहेर आले तेव्हा त्या पंखावर साध्या रूपाची नक्षी उमटली होती.

पनेट आणि फिशर ह्यांच्या वादाचे काय झाले? दोघांचेही थोडे थोडे खरे ठरले. कळ खरोखरच एका जनुकात आहे, हे पनेटच्या बाजूचे. परंतु बहुरूपी मादीचे डबलसेक्स आणि साध्या मादीचे डबलसेक्स ह्यांत एक नव्हे, पुष्कळ ठिकाणी फरक आहेत, आणि ते साचत साचत आलेले आहेत, हे फिशरच्या बाजूचे. क्लार्क-शेपर्ड ह्यांचे गाठोडेही होते. फक्त ते अनेक जनुकांचे नसून मुख्यतः एका जनुकाच्या आतले निघाले. ते सुटत कसे नाही? पोथी शिवताना मधली काही पाने उलट क्रमाने शिवली गेली, तर दुसऱ्या प्रतीशी त्या पानांची अदलाबदल करता येणार नाही. तसाच आनुवंशिक द्रव्याचा तो तुकडा बहुरूपी माद्यांत उलटा बसलेला आहे. आईबापांच्या द्रव्याची अदलाबदल होते तेव्हा तो तुकडा वगळला जातो, आणि त्यातले सारे बदल एकत्रच पुढे जातात. म्हणूनच अर्धवट सोंगाची मादी सहसा दिसत नाही.

नात्यातल्या दुसऱ्या जातींकडे वळल्यावर गोष्ट अधिकच मनोवेधक होते. ईशान्य भारतात आढळणाऱ्या ग्रेट मॉर्मन ह्या जातीच्या माद्याही बहुरूपी असतात. त्यांचेही सोंग डबलसेक्स जनुकच ठरवते, असे जपानी आणि अमेरिकन संशोधकांना आढळले. मात्र तिथे पाने उलटी शिवलेली नाहीत. तुकडा सरळच आहे आणि तरीही बदल एकत्र राहिले आहेत. कळ तीच, कुलूप निराळे. ह्याच ग्रेट मॉर्मनची जवळची नातलग आपल्या सह्याद्रीत राहते, ती ब्लू मॉर्मन. काळ्या मखमलीवर निळाईचे शिंतोडे उडवलेले हे मोठे फुलपाखरू 2015 साली 'राणी पाकोळी' ह्या नावाने महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर झाले. राज्याचे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. ह्या राणीच्या माद्या कॉमन मॉर्मनसारखी तीन रूपे घेत नाहीत, त्यांचे रूप नराशी मिळतेजुळते असते. डबलसेक्स त्यांच्यातही आहे, कारण नर आणि मादी घडवण्याचे त्याचे मूळ काम कोणालाच सुटलेले नाही. त्या कुळातले जनुक आपल्या शरीरातही आहे आणि मुलग्याचे शरीर घडताना ते कामी येते.

सोंगालाही मर्यादा आहे. नकली फुलपाखरे फार झाली आणि खरी विषारी थोडी राहिली, तर पक्ष्यांना धडा मिळत नाही. उलट काळ्या-लाल रंगाची चव बरी असते असेच ते शिकतात. क्रिमझन रोझ दक्षिण व पश्चिम भारतात आणि श्रीलंकेत आहे, आणि किरमिजी ठिपक्यांची मॉर्मन मादीही सहसा त्याच टापूत दिसते. तेव्हा मुठा खोऱ्यातल्या बांधावरचा सापसंदाचा वेल उपटला, तर नुकसान एकट्या क्रिमझन रोझचे होत नाही. तो वेल ज्यांना चरितार्थासाठी लागत नाही अशा कढीलिंबावरच्या बहुरूपी माद्यांचे संरक्षणही त्याबरोबर जाते. ह्या माद्या अजून एकेक करून कोवळ्या पानावर मोहरीएवढी पिवळसर अंडी घालतात. त्यांतून निघालेल्या अळ्या आधी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर हिरव्यागार होतात. अळीवरून किंवा कोशावरून आतली मादी तिघींपैकी कोणती, हे ओळखता येत नाही.